विमानतळावर दर वेळी तुम्हालाच बाजूला काढतात? रिड्रेसचा अर्ज, कागदपत्रं आणि तिकिटात नंबर घालायची नीट पद्धत

माझ्या मोठ्या भावाकडे रिड्रेस नंबर होता, म्हणजे यादीतल्या दुसऱ्या कुणाशी नावाचा घोळ होऊ नये म्हणून अमेरिकेचं सरकार देतं तो नंबर, पत्र होतं, पत्राची लॅमिनेट केलेली कॉपी पण होती. तरीही पुढची दोन वर्षं अमेरिकेच्या प्रत्येक फ्लाइटला त्याच्या बोर्डिंग पासच्या कोपऱ्यात एसएसएसएस (जास्तीच्या तपासणीची खूण) छापून यायचंच. दादा म्हणायचा हे सगळं थोतांड आहे, काही उपयोग नाही. मग एकदा मी त्याचं तिकीट एअरलाइनच्या साइटवर उघडून बघितलं तर रिड्रेस नंबरचा रकाना कोरा. ट्रॅव्हल एजंट तो नंबर दर वेळी इमानदारीने टाकत होता, पण रिमार्क्समध्ये. तिथला मजकूर सिक्युरिटीच्या सिस्टिमपर्यंत जातच नाही.

तेव्हापासून नात्यातले, मित्रांचे मिळून बरेच अर्ज भरून दिलेत आणि लोक त्याच त्याच जागी चुकतात हे बघितलंय. कुणी चुकीच्या ऑफिसकडे तक्रार करतं, कुणी एकदाच चेकिंग झालं म्हणून घाईने अर्ज टाकतं, कुणी पासपोर्टवर एक नाव आणि अर्जात दुसरं लिहितं, आणि नंबर आला की काम झालं समजून बसणारे तर सगळ्यात जास्त. म्हणून क्रमाने लिहितोय. हे अमेरिकेच्या सिस्टिमबद्दल आहे, म्हणजे तिथल्या होमलँड सिक्युरिटी खात्याच्या (डीएचएस) ट्रिप नावाच्या योजनेबद्दल. कॅनडा आणि भारताचं वेगळं आहे, ते शेवटी थोडक्यात दिलंय.

टप्पा १: तुम्हाला नक्की कुणी थांबवलं ते आधी शोधा

"एअरपोर्टवर त्रास झाला" एवढ्यावर काही ठरत नाही. त्रास कुठल्या काउंटरवर झाला त्यावरून पुढचं सगळं ठरतं.

पहिली जागा म्हणजे चेक-इन आणि बोर्डिंग. तुम्ही तिकीट काढलं की तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जेंडर एअरलाइनकडून टीएसएच्या (विमानतळावरची तपासणी बघणारी अमेरिकेची संस्था) सिक्युअर फ्लाइट सिस्टिमला जातं, साधारणपणे फ्लाइटच्या ७२ तास आधी. तिथे ही माहिती वॉचलिस्टशी, म्हणजे संशयितांच्या यादीशी, ताडून बघतात. तुमच्यासारखंच नाव आणि जवळपासची जन्मतारीख असलेला कुणी त्या यादीत असेल तर तुम्ही अडकता. त्याची लक्षणं ठरलेली आहेत: ऑनलाइन चेक-इन होत नाही, किऑस्क बोर्डिंग पास देत नाही आणि काउंटरवर जा म्हणतं, काउंटरवरची मुलगी पासपोर्ट हातात धरून कुणाला तरी फोन लावते आणि तुम्ही वीस मिनिटं उभे, किंवा बोर्डिंग पासवर ते चार एस.

दुसरी जागा म्हणजे अमेरिकेत उतरल्यावरचं इमिग्रेशन, म्हणजे सीबीपी. तिथे ऑफिसर स्क्रीनकडे बघतो, काही बोलत नाही, तुमचा पासपोर्ट घेऊन आतल्या खोलीकडे पाठवतो. याला सेकंडरी म्हणतात. मुंबईहून अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांना हे अबू धाबीतच होतं, कारण तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसायच्या आधीच उरकतात. त्यामुळे "अबू धाबीच्या लोकांनी अडवलं" असं अर्जात लिहू नका, ते अमेरिकेचेच ऑफिसर असतात.

या दोन्हीसाठी अर्ज एकच, डीएचएस ट्रिपचा. फक्त अर्जात दोन्ही प्रकार वेगवेगळे सांगावे लागतात.

आता कशासाठी हा अर्ज नाही ते बघा, कारण निम्मे लोक इथेच वेळ घालवतात. व्हिसा नाकारला किंवा बीकेसीच्या कॉन्सुलेटने २२१ जी (आणखी कागद किंवा चौकशीसाठी व्हिसा रोखल्याचं पत्र) देऊन केस लटकवली, तर ते इथे सुटत नाही. ट्रान्झिट व्हिसा नव्हता किंवा पासपोर्टवर आणि व्हिसावर नाव वेगळं होतं म्हणून एअरलाइनने चढू दिलं नाही, तेही नाही. बॅग फोडली, सामान गेलं, तपासणी करणारा उद्धट बोलला, याच्या तक्रारी टीएसएकडे वेगळ्या जातात. आय-९४ वर (अमेरिकेत आल्याची आणि किती दिवस राहता येईल याची नोंद) तारीख चुकली असेल तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन ऑफिसकडे जाणं जास्त सोपं पडतं.

थांबा, हे तपासा: एसएसएसएस एकदाच आलंय का? सिस्टिम काही लोक रँडम पण निवडते. एकदा आलं म्हणून धावू नका. लागोपाठ दोन-तीन प्रवासांत आलं, किंवा ऑनलाइन चेक-इन दर वेळी अडतंय, किंवा तुम्हाला सरळ विमानात चढूच दिलं नाही, तर मात्र एक दिवसही न थांबता अर्ज करा.

टप्पा २: नोंदवही

घटना झाली त्याच दिवशी लिहून ठेवा, फोनच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालेल. तारीख, फ्लाइट नंबर, कुठून कुठे, एअरपोर्ट, साधारण किती वाजता, कुठल्या काउंटरवर, किती वेळ थांबवलं, काय विचारलं, काही कागद दिला का. बोर्डिंग पास फेकू नका, त्याचा फोटो काढा, चार एस स्पष्ट दिसतील असा. सेकंडरीच्या खोलीत मात्र फोन काढून फोटो घ्यायला जाऊ नका, तिथे मनाई असते आणि उगाच प्रकरण वाढतं. बाहेर आल्यावर लिहा.

लोक म्हणतात सगळं लक्षात आहे. सहा महिन्यांनी अर्ज भरायला बसलं की नेवार्क की शिकागो, मार्च की एप्रिल, काही म्हणजे काही आठवत नाही. माझ्या एका काकांनी तर दोन वेगळ्या प्रवासांची सरमिसळ करून अर्ज दिला होता, तारीख एका ट्रिपची आणि फ्लाइट दुसऱ्या ट्रिपची, मग ते निस्तरायला पुन्हा पत्रव्यवहार.

टप्पा ३: नाव, जन्मतारीख आणि कागद एका ओळीत आणा

या टप्प्याला जितका वेळ द्याल तितका कमीच, कारण आपल्या नावांची रचना अमेरिकन फॉर्ममध्ये बसत नाही आणि सगळा घोळ तिथे होतो.

समजा पासपोर्टवर सरनेममध्ये पाटील आणि गिव्हन नेममध्ये संजय रघुनाथ आहे. एक एजंट तिकीट काढतो संजय पाटील. दुसरा रघुनाथ पाटील हे सगळं आडनावात कोंबतो. अमेरिकेत ऑफिसच्या कागदांवर संजय आर पाटील. अशी तीन वेगळी माणसं तुम्हीच तयार केलीत. सिक्युअर फ्लाइटला जितकी अर्धवट माहिती जाते तितकी दुसऱ्या कुणाशी तरी जुळायची शक्यता वाढते, कारण वेगळेपणा दाखवणारा भागच, म्हणजे मधलं वडिलांचं नाव, तुम्ही काढून टाकलेलं असतं. एरवी कुणाचं मधलं नाव राहिलं तर टीएसए फारसं मनावर घेत नाही, पण ज्याचं नाव आधीच अडकतंय त्याने हा आळस करू नये.

तर पासपोर्टच्या फोटोच्या पानावर जसं आहे तसंच, त्याच स्पेलिंगने, त्याच विभागणीने, अर्जातही आणि तिकिटातही. बोर्डिंग पासवर पहिलं आणि मधलं नाव जोडून, मध्ये जागा न सोडता छापून येतं, त्याला घाबरू नका, ती छपाईची पद्धत आहे.

शेख, सय्यद, खान, मोहम्मद अशी नावं असलेल्यांना हा त्रास किती होतो ते मी रत्नागिरीकडच्या मित्रांमुळे जवळून बघितलंय. त्यांच्याकडे एकाच नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं असतं, मोहम्मदचं कुठे पूर्ण तर कुठे चार अक्षरांत आटपलेलं. अशा वेळी पासपोर्टचं स्पेलिंग मुख्य धरायचं आणि बाकीची सगळी "इतर वापरलेली नावं" या भागात लिहायची. लपवायची नाहीत. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच कोरा असेल तर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू (फर्स्ट नेम अननोन) येतं, तेही इतर नावांत लिहा. आणि जमत असेल तर भारतीय पासपोर्टमध्ये आडनाव घालून घ्या, पण ते रिड्रेसच्या अर्जाच्या आधी, अर्ज चालू असताना नाही.

लग्न झालेल्या बायकांनी माहेरचं पूर्ण नाव द्यायचं. आपल्याकडे काही घरांत लग्नात पहिलं नावसुद्धा बदलायचे, ते बदललं असेल तर जुनं पहिलं नावही. मॅरेज सर्टिफिकेट किंवा गॅझेटची प्रत जोडा. मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर, आणि खाली भाषांतर करणाऱ्याची सही की भाषांतर बरोबर आहे.

जन्मतारखेचं वेगळं सांगतो. आपल्या आईवडिलांच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेली कितीतरी माणसं आहेत. खरी तारीख वेगळी असते, घरात वाढदिवस वेगळ्या दिवशी करतात. अर्जात भावनेच्या भरात "खरी" तारीख लिहू नका. पासपोर्टवर १ जून आहे ना, मग १ जूनच. आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. ५ जुलैवाल्याने आपल्या सवयीने ०५/०७ लिहिलं की तो तिकडे ७ मे होतो. ही चूक मी स्वतः आईच्या अर्जात केली होती आणि सबमिट करायच्या आधी बायकोच्या लक्षात आली म्हणून वाचलो.

कागद काय लागतात? भारतीय नागरिकाला चालू पासपोर्टचं फोटोचं पान, ते सर्वात महत्त्वाचं. सोबत अमेरिकेचा व्हिसा, आणि ग्रीन कार्ड असेल तर त्याच्या दोन्ही बाजू. अमेरिकन नागरिक झाला असाल तर अमेरिकन पासपोर्ट. लहान मुलासाठी जन्मदाखला पण ठेवा, सही आईने किंवा वडिलांनी करायची. स्कॅन करताना पानाचे चारही कोपरे दिसले पाहिजेत, खालच्या दोन ओळी, ते बाणासारख्या खुणा असलेल्या, त्या कापू नका, आणि पासपोर्टच्या प्लास्टिकवर ट्यूबलाइट चमकत असेल तर पुन्हा काढा. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात चांगला येतो.

थांबा, हे तपासा: पासपोर्ट, व्हिसा, पुढच्या प्रवासाचं तिकीट, हे तिन्ही टेबलावर शेजारी ठेवा आणि नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. पासपोर्ट सहा-आठ महिन्यांत संपत असेल तर आधी रिन्यू करा, मग अर्ज.

टप्पा ४: अर्ज भरणं

अर्ज डीएचएसच्या ट्रिप पोर्टलवर ऑनलाइन होतो. पैसे लागत नाहीत. एक डॉलरही नाही. "वॉचलिस्टमधून नाव काढून देतो" म्हणणाऱ्या साइट आणि एजंट दिसतील, त्यांना पासपोर्टची कॉपी देऊन बसू नका. पत्ता टाइप करताना शेवटी डॉट जीओव्ही आहे ना ते बघा.

एका माणसाचा एक अर्ज. नवरा, बायको, दोन मुलं, चौघांनाही थांबवलं असेल तर चार वेगळे अर्ज. पण खरं तर बहुतेक वेळा अडकलेला एकच असतो आणि बाकीचे सोबत आहेत म्हणून ताटकळतात, तेव्हा आधी त्या एकाचा करा.

१. पोर्टलवर लॉगिन तयार करा. ईमेल असा द्या जो तुम्ही रोज बघता. मुलाने वडिलांसाठी स्वतःचा ईमेल दिला आणि नंतर विसरला, असं झालेलं आहे.

२. काय अनुभव आला त्याचे पर्याय येतात: चेक-इनला अडवलं, चढू दिलं नाही, वारंवार जास्तीची तपासणी, इमिग्रेशनला सेकंडरी, बोटांचे ठसे जुळत नाहीत असं सांगितलं वगैरे. जे जे खरोखर झालं ते सगळं निवडा. फक्त एकच निवडायचं असं नाही. आणि जोर यावा म्हणून न झालेलं निवडायचंही नाही.

३. वैयक्तिक माहिती. उंची, वजन, डोळ्यांचा आणि केसांचा रंग असलं पण विचारतात. कंटाळून सोडू नका, तुम्ही म्हणजे तो दुसरा माणूस नाही हे याच गोष्टींवरून ठरतं. उंची फूट-इंचात, वजन पाउंडात. किलोला साधारण २.२ ने गुणायचं. ७० किलोवाल्याने ७० लिहिलं तर तो कागदावर ३२ किलोचा होतो.

४. घटनेचं वर्णन. इथे लोक एक तर दोन शब्द लिहितात किंवा अख्खी कर्मकहाणी. वर्णन कोरडं आणि तारीखवार असू द्या. मजकूर साधारण असा, अर्थात इंग्रजीत: या तारखेला, या फ्लाइटने, मुंबईहून नेवार्कला जाताना ऑनलाइन चेक-इन झालं नाही, काउंटरवर ४० मिनिटं थांबवलं, कर्मचाऱ्याने फोन केला, बोर्डिंग पासवर एसएसएसएस होतं, गेटवर पुन्हा तपासणी झाली. नेवार्कला उतरल्यावर सेकंडरीत पाठवलं, दीड तासाने सोडलं, कारण सांगितलं नाही. मागच्या या-या तारखांनाही असंच झालं. बस.

धर्मावरून केलं, रंगावरून केलं असं वाटत असेल तर ते वाटणं खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण त्याची तक्रार डीएचएसच्या सिव्हिल राइट्स ऑफिसकडे स्वतंत्र करा, दोन्ही करता येतात. इथल्या अर्जाचं काम एवढंच की तुमची ओळख त्या यादीतल्या माणसापासून वेगळी करणं.

५. घोषणा आणि सही. चुकीची माहिती जाणूनबुजून देणं हा अमेरिकेच्या कायद्यात गुन्हा आहे, तेव्हा एजंटने भरलेला अर्ज न वाचता सही करू नका. तुमच्या वतीने मुलगा किंवा वकील बोलणार असेल तर त्याला माहिती द्यायला परवानगी असल्याचं वेगळं संमतीपत्र लागतं. ते नसेल तर तुमच्या मुलालासुद्धा ते काही सांगणार नाहीत.

सबमिट झाल्यावर रिड्रेस कंट्रोल नंबर मिळतो, साधारण सात आकडी. स्क्रीनचा फोटो घ्या, पीडीएफ सेव्ह करा, नंबर घरातल्या दुसऱ्या एका माणसाला पण पाठवून ठेवा.

सावधान: या क्षणी हा नंबर म्हणजे फक्त तुमच्या अर्जाची पावती आहे. चौकशी पूर्ण झालेली नाही. लगेच पुढच्या आठवड्याच्या प्रवासात फरक दिसेल अशी आशा ठेवू नका.

टप्पा ५: उत्तर येईपर्यंत

याला आठवडे नाही, महिनेही लागतात. मध्ये पोर्टलवर स्टेटस बघत राहा, स्पॅम फोल्डर पण बघा. आणखी कागद मागितले तर त्याच दिवशी द्या. उत्तर येत नाही म्हणून दुसरा नवा अर्ज टाकू नका, त्याने एकाच माणसाच्या दोन फायली होतात.

या काळात प्रवास करावाच लागला तर: वेब चेक-इनच्या भरवशावर राहू नका, काउंटर उघडायच्या वेळेला हजर राहा. अमेरिकेत उतरून पुढचं कनेक्शन असेल तर मध्ये किमान तीन-चार तास ठेवा, दीड तासाचं स्वस्त तिकीट घेऊन फ्लाइट चुकवलेले मी दोघं बघितलेत. एसएसएसएस असेल तर लॅपटॉप, फोन सगळं उघडून पुसून तपासतात, फोन चार्ज केलेला असू द्या, बॅगेत चिवडा-लाडू-पीठ-मसाला असेल तर तो भाग वर ठेवा म्हणजे सगळी बॅग उपसावी लागत नाही. तपासणी झाल्यावर बोर्डिंग पासवर शिक्का किंवा खूण करतात, तो पास सांभाळा, मोबाइलमधला दुसरा पास दाखवून चालत नाही.

आईवडील एकटे येणार असतील आणि इंग्रजीची अडचण असेल तर एका कागदावर मुलाचा पत्ता, फोन, किती दिवस राहणार, परतीचं तिकीट हे इंग्रजीत लिहून द्या. सेकंडरीत मराठी किंवा हिंदी दुभाषा मागता येतो हे त्यांना निघायच्या आधी सांगा. अर्धवट कळलेल्या प्रश्नाला घाबरून "येस येस" म्हणणं फार महागात पडतं.

टप्पा ६: पत्र आलं, आता वाचायचं कसं

पत्र वाचून बहुतेकांचा हिरमोड होतो. त्यात "तुमचं नाव यादीत नव्हतं" असं लिहिलेलं नसतं, "यादीत होतं आणि काढलं" असंही नसतं. तुम्ही यादीत आहात की नाही हे आम्ही सांगू शकत नाही, रेकॉर्ड तपासलं, गरज होती तिथे दुरुस्ती केली, अशा अर्थाची गोल भाषा असते. सगळ्यांना जवळपास हीच. याचा अर्थ अर्ज फेटाळला असा नाही. पत्रात रिड्रेस नंबर आणि तो तिकिटात वापरा ही सूचना असते, तुमच्या कामाची ती ओळ.

अपवाद एक आहे. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल आणि नो फ्लाय लिस्टमुळे विमानात चढूच दिलं नसेल, तर २०१५ पासून त्याला यादीत आहे की नाही हे सांगण्याची पद्धत आहे, पुढे कारणांचा जाहीर करता येईल तेवढा सारांश मागता येतो, त्यावर लेखी उत्तर देता येतं आणि टीएसएच्या प्रमुखाच्या अंतिम आदेशाविरुद्ध ६० दिवसांत अपील कोर्टात जाता येतं. इथे आल्यावर स्वतः पत्रं लिहीत बसू नका, या विषयातला वकील धरा. व्हिसावर असलेल्या भारतीयाला हा मार्ग नाही, आणि हे अन्यायकारक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. राहिना इब्राहिम ही स्टॅनफर्डमध्ये पीएचडी करणारी मलेशियन बाई, एफबीआयच्या एका एजंटने २००४ मध्ये फॉर्मवर चुकीच्या चौकोनात खूण केली म्हणून तिचं नाव नो फ्लाय लिस्टमध्ये गेलं आणि ती चूक कोर्टात सिद्ध व्हायला २०१४ उजाडलं. तुमच्या फायलीत प्रत्येक कागद जपून ठेवा असं मी म्हणतो ते यासाठी.

टप्पा ७: नंबर तिकिटात घालणं, प्रत्येक वेळी

दादाची दोन वर्षं इथेच गेली, तेव्हा हे नीट वाचा.

नंबर आपोआप कुठेही जात नाही. प्रत्येक नव्या बुकिंगमध्ये तो तुम्हाला घालावा लागतो. एअरलाइनच्या साइटवर प्रवाशाची माहिती भरताना जन्मतारखेच्या खाली दोन रकाने असतात, बऱ्याचदा एका छोट्या बाणाखाली दडलेले: नोन ट्रॅव्हलर नंबर आणि रिड्रेस नंबर. हे दोन वेगळे आहेत. पहिला म्हणजे प्रीचेक किंवा ग्लोबल एंट्री या योजनांत आधीच पडताळणी करून घेतलेल्यांचा. रिड्रेस नंबर तिथे टाकला तर तो चुकीचा नोन ट्रॅव्हलर नंबर म्हणून जातो आणि काहीच होत नाही. दोन्ही असतील तर दोन्ही आपापल्या जागी भरा, एकाने दुसरा रद्द होत नाही.

भारतातल्या ट्रॅव्हल साइटवर बरेचदा हा रकानाच नसतो. मग तिकीट काढल्यावर एअरलाइनचा पीएनआर घेऊन एअरलाइनच्या साइटवर मॅनेज बुकिंगमध्ये जा आणि तिथे घाला. तिथेही नसेल तर फोन करा. दादर-ठाण्याच्या एजंटकडून काढत असाल तर त्याला नेमकं असं सांगा: पासपोर्टची माहिती जशी डॉक्समध्ये टाकता तसा रिड्रेस नंबर डॉकोमध्ये, आर टाइपने टाका, रिमार्क्समध्ये नको. ज्याला काम येतं त्याला एवढं पुरतं. मग त्याच्याकडून पीएनआरचा स्क्रीनशॉट मागा. लाजू नका, पैसे तुम्ही देताय.

कोडशेअर असेल, म्हणजे तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं, तर जिचं विमान आहे तिच्या साइटवर तिचा पीएनआर टाकून नंबर पोचलाय का ते बघा. फ्लाइट रद्द होऊन दुसऱ्यावर टाकलं, तारीख बदलली, की पुन्हा बघा, बदलात नंबर गळून पडतो.

फ्रिक्वेंट फ्लायर प्रोफाइलमध्ये एकदा सेव्ह करून ठेवा, म्हणजे तिथून काढलेल्या तिकिटात तो येतो, पण प्रोफाइलमधलं नाव पासपोर्टप्रमाणे आहे ना ते आधी.

थांबा, हे तपासा: हे सगळं फ्लाइटच्या ७२ तासांपेक्षा आधी झालेलं हवं. तिकीट काढलं की त्याच दिवशी एकदा, आणि निघायच्या चार दिवस आधी पुन्हा एकदा.

इमिग्रेशनला हा नंबर कुठे भरायचा नसतो. तिथे सुधारणा तुमच्या पासपोर्टच्या रेकॉर्डवर होते. तरी पत्राची प्रिंट हँडबॅगेत ठेवा, सेकंडरीत नेलं तर शांतपणे दाखवा, पहिल्याच खिडकीवर पत्र नाचवायची गरज नाही. आणि पासपोर्ट रिन्यू झाला, लग्नानंतर नाव बदललं, नागरिकत्व बदललं, की त्याच रिड्रेस नंबरचा हवाला देऊन नवे कागद पाठवा.

टप्पा ८: एवढं करूनही अडवतात

आधी स्वतःकडे बघा: नंबर खरंच रकान्यात होता का, नाव पूर्ण होतं का, जन्मतारीख बरोबर गेली का. दहापैकी बहुतेक वेळा मला यातलंच काहीतरी सापडलंय. सगळं बरोबर असूनही दोन-तीन प्रवास तसेच गेले तर नव्या नोंदी आणि बोर्डिंग पासचे फोटो घेऊन त्याच नंबरच्या संदर्भाने पुन्हा लिहा. अमेरिकेत राहत असाल तर तुमच्या भागाच्या काँग्रेस सदस्याच्या ऑफिसला लिहिता येतं, अशा कामासाठी त्यांच्याकडे माणसं असतात, संमतीपत्रावर सही घेऊन ते डीएचएसकडे चौकशी करतात. यादीतून नाव काढणं त्यांच्या हातात नसतं, पण अडकून पडलेली फाइल हलते.

कॅनडा आणि भारत

टोरांटोकडच्यांसाठी: अमेरिकेचा रिड्रेस नंबर कॅनडाच्या यादीला चालत नाही. तिथे २०२० पासून कॅनेडियन ट्रॅव्हल नंबर आहे, त्याचा अर्ज वेगळा करायचा आणि तो बुकिंगमध्ये वेगळा घालायचा.

भारतात बातम्यांमध्ये जी नो फ्लाय लिस्ट वाचता ती विमानात गोंधळ घालणाऱ्यांची आहे, डीजीसीएच्या नियमांची, तिचा या सगळ्याशी संबंध नाही. आणि मुंबईच्या इमिग्रेशनला बाहेर जाताना थांबवलं तर तो बहुधा लूक आउट सर्क्युलरचा, म्हणजे देशाबाहेर जाताना अडवण्यासाठी काढलेल्या सूचनेचा, प्रकार असतो. त्यात इमिग्रेशनचा ऑफिसर फक्त अंमल करतो, सर्क्युलर ज्या यंत्रणेने काढायला लावलं, पोलीस, तपास संस्था, जी असेल ती, तिच्याकडूनच ते मागे घ्यावं लागतं आणि नाही घेतलं तर हायकोर्ट. नावसारखेपणामुळे तिथेही माणसं अडकतात, पण त्यांनी डीएचएसचा अर्ज भरून काही होणार नाही, आधी सर्क्युलर कुणाचं आहे ते लेखी विचारा.

दादाचं सांगायचं राहिलं. गेल्या खेपेला नंबर आम्ही दोघांनी बसून रकान्यात घातला, वडिलांचं नाव मधे घातलं, चार दिवस आधी परत उघडून बघितलं. वेब चेक-इन घरूनच झालं, आणि बोर्डिंग पासचा कोपरा कोरा होता. त्याने तो स्क्रीनशॉट मला रात्री दोन वाजता पाठवला.